होजिअरी शिवताना हात सैल ठेवा

या वेळच्या बऱ्याच पत्रांत एकच तक्रार आहे: साधं कॉटन नीट शिवता येतं, पण ताणलं जाणारं सुती कापड मशीनवर घेतलं की बिघडतं. चादरी आणि टॉवेलांच्या सोलापुरात उभा-आडवा धागा घरोघरी माहीत असतो. होजिअरीत, म्हणजे टी-शर्टच्या या ताणाच्या कापडात, मात्र तसा धागाच नसतो. एका फासात दुसरा फास अडकवत ते कापड विणलेलं असतं. ओढलं की फास लांबतो, सोडलं की पुन्हा गोल होतो. शिवताना तो लांबलेला असला तर शिवण त्याला तसाच बांधून टाकते. खालच्या उत्तरांत हा मुद्दा पुन्हापुन्हा येईल.

प्रश्न : घरी साधी काळी पायमशीन आहे. मुलाचा टी-शर्ट शिवायला घेतला तर चार टाके बसतात आणि दोन सुटतात. शिवलेला भाग ओढला की दोराही तुटतो. यासाठी दुसरी मशीन घ्यावी लागेल का? (जुळे सोलापूर)

ताई, मशीन बदलू नका, आधी सुई बदला. साध्या सुईचं टोक अणकुचीदार असतं. ते फासातला धागाच टोचतं, कधी तोडतं, आणि धुतल्यावर शिवणीलगत बारीक भोकं दिसायला लागतात. होजिअरीला बॉलपॉइंट सुई लागते. तिचं टोक किंचित गोल असल्याने ती धागा बाजूला सारून आत जाते. टी-शर्टच्या कापडाला ११ नंबर, जाड ट्रॅकपँटला १४. दोन्ही सुया घरात एकत्र झाल्या असतील तर टोक नखावरून हलकेच फिरवून पाहा. साधी सुई ओरखडा काढते, बॉलपॉइंट घसरते.

लायक्रा (रबरासारखा ताणणारा धागा) असलेल्या कापडावर बॉलपॉइंटही टाका सोडत असेल, तर पाकिटावर ‘एचए×१ एसपी’ लिहिलेली सुई मागा. टाका सुटण्याचं कारण असं : सुई खालून वर निघताना तिच्या मागे दोऱ्याचा छोटा फुगवटा तयार व्हावा लागतो, तो खालचा हूक पकडतो. ताणाचं कापड सुईला चिकटून तिच्याबरोबर वर उचललं जातं, फुगवटा होतच नाही आणि हूक रिकामा फिरतो. एसपी सुईची घडणच या अडचणीसाठी केलेली असते.

दोरा तुटतो, कारण सरळ टीप कापडाइतकी ताणली जात नाही. सुती दोरा काढून पॉलिस्टरचा लावा, वरती आणि बॉबिनवरही. वरचा ताण थोडा सैल करा. टाका २ मिलिमीटरच्या आसपास ठेवा. लांब टाक्यात दोरा कमी जातो, म्हणून ती टीप लवकर तुटते. टीप मारताना कापड सुईच्या पुढे आणि मागे दोन्ही हातांनी अगदी किंचित ताठ धरा, ओढू नका. किंचित म्हणजे सुरकुती जाईल इतपतच. नंतर पाव इंच आत दुसरी टीप मारा. झिगझॅग मशीन असेल तर एवढं करायची गरज नाही. रुंदी अर्धा ते एक आणि लांबी अडीच मिलिमीटर ठेवून अरुंद झिगझॅग मारा, शिवण कापडाबरोबर ताणली जाईल.

एवढं करूनही कापड लाटेसारखं पसरत असेल, तर प्रेसर फूटच्या दांड्यावरचा स्क्रू दोन आटे सैल करा. दाब जास्त असला की खालचे दात कापड पुढे नेतात आणि वरचा पदर मागे राहून ताणला जातो. कापडाखाली पातळ कोरा कागद घालून शिवलं तरी चालतं, तो नंतर फाडून काढता येतो. वर्तमानपत्र नको, शाई लागते.

प्रश्न : होजिअरी किलोवर मिळते. मोठ्या माणसाच्या टी-शर्टला किती घ्यायची? आणि धुतल्यावर आखडते, तिचं काय? (अक्कलकोट रोड)

दुकानदाराला दोन गोष्टी विचारा : जीएसएम आणि पन्हा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन, ग्रॅममध्ये. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. टी-शर्टला १६० ते १८० चांगलं, लेगिंगला २०० च्या पुढचं. नळीसारखं कापड असेल तर पन्हा दुप्पट धरा. ३६ इंची नळी उघडली की ७२ इंच, म्हणजे १.८३ मीटर. १८० जीएसएमचं एक मीटर कापड भरतं ३२९ ग्रॅम. म्हणजे किलोत तीन मीटर बसतं. ३८ छाती, २७ इंच उंची आणि अर्ध्या बाहीच्या शर्टला एवढ्या पन्ह्यात ८० सेंटिमीटर पुरतं. २७० ते ३०० ग्रॅम घ्या. गळ्याची रिब (गळ्याच्या पट्टीचं रेघारेघांचं ताणाचं कापड) एका शर्टला दहा ग्रॅमही लागत नाही, त्यामुळे पाव किलो रिब बरेच दिवस पुरते.

आखडण्याचं गणित कापण्याआधीच करायचं. कापडावर मध्यभागी २० इंचांचा चौकोन दोऱ्याने टाचून घ्या, नेहमी धुता तसं धुवा, आडवं पसरून वाळवा आणि पुन्हा मोजा. उभं १८.५ भरलं तर आखडणं साडेसात टक्के. सगळं कापड धुऊनच बेतायला घेणं सर्वांत बरं. ओलं कापड दोरीवर टांगू नका, स्वतःच्याच वजनाने ते लांबतं. आणि गठ्ठ्यातून काढल्याबरोबर कापू नका. एक रात्र सैल पसरून ठेवलं की गुंडाळताना बसलेला ताण निघून जातो.

प्रश्न : टी-शर्टच्या गळ्याची रिब कधी उभी राहते, तर कधी गळ्याला चुण्या पडतात. माप कसं काढायचं? (बार्शी)

गळा कापल्यावर टेप कडेवर आडवी पाडू नका, कडेवर उभी करून फिरवा, आणि तीही जिथे टीप येणार आहे त्या रेषेवर. समजा, लहान मुलाच्या शर्टचा गळा १६ इंच भरला. रिब त्याच्या ८५ टक्के, म्हणजे १३.६ इंच, जोडायला अर्धा इंच माया धरून १४ इंचांची पट्टी कापा. रुंदी २ इंच, दुमडून १ इंच, पाव इंच शिवणीत जाऊन पाऊण इंच दिसते. पट्टीचा ताण गळ्याभोवती यायला हवा, म्हणजे रिबच्या रेघा पट्टीच्या रुंदीला समांतर हव्यात. इथेच बरेच जण चुकतात, आणि मग गळा डोक्यातून जात नाही.

आता जोडणी. पट्टीची गोल कडी करून दुमडा आणि चार सारख्या भागांवर टाचण्या लावा. गळ्यावरही चार खुणा करा, पण खांद्याची शिवण ही खूण धरू नका. पुढचा गळा मागच्यापेक्षा खोल असतो, म्हणून चौथा भाग खांद्याच्या थोडा पुढे येतो. मागचा मध्य आणि पुढचा मध्य जुळवून गळा दुमडा, टोकं जिथे येतील तिथे खूण करा. शिवताना रिब वर, शर्ट खाली. दोन खुणांमधली रिब ओढून गळ्याएवढी करायची, गळा मात्र अजिबात ओढायचा नाही.

रिब उभी राहते कारण ती लांब झाली. एक इंच कमी करा. चुण्या पडतात कारण ती फार आखूड झाली किंवा जोडताना सगळीकडे सारखी ताणली गेली नाही. रिब नाही आणि शर्टच्याच जर्सीची, म्हणजे साध्या होजिअरीची, पट्टी लावायची असेल, तर ९० टक्के धरा. पण मग १६ इंची गळ्यातून २० इंचांचं डोकं जेमतेम निघतं. गळा १८ इंच करा किंवा एका खांद्यावर बटण द्या.

प्रश्न : दोन-तीन धुण्यांनंतर टी-शर्टची बाजूची शिवण पोटावर येते. (मोहोळ)

हा शिवणीचा दोष नाही. सिंगल जर्सीत धाग्याचा पीळ उलगडू पाहतो. शिवाय गोल मशीनवर फासांच्या ओळी तिरक्या चढत जातात. कापड धुतल्यावर सरळ होऊ बघतं आणि पूर्ण शर्ट पिळला जातो. उपाय एकच : धुऊन घ्या आणि नळीच्या घडीवर विश्वास न ठेवता फासांची उभी ओळ डोळ्यांनी पकडून त्यावर खडूची रेघ मारून बेता. इंटरलॉक (दोन्ही बाजूंनी सारख्या दिसणाऱ्या दुहेरी विणीच्या) कापडात हा त्रास बराच कमी असतो. शिवून झालेला शर्ट मात्र सरळ करता येत नाही.

प्रश्न : गणवेशाच्या कारखान्याकडून टी-शर्ट शिवायला घरी आणते. ओव्हरलॉकची शिवण लाटांसारखी होते आणि माल परत येतो. (सोलापूर)

ताई, तुमच्या मशीनला डिफरन्शियल फीडचा खटका किंवा स्क्रू असेल, त्यात दातांचे दोन संच असतात. पुढचा संच मागच्यापेक्षा जास्त चालला की ताणलेलं कापड पुन्हा गोळा होतं. साध्या कॉटनला १, होजिअरीला १.३ पासून सुरू करा, लाटा राहिल्या तर १.५ ते २ पर्यंत वाढवत न्या. चुण्या पडू लागल्या की एक पाऊल मागे या. प्रत्येक नव्या गठ्ठ्याला त्याच कापडाच्या चिंधीवर, आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांनी करून पाहा. आडव्या कापात लाटा जास्त येतात. ओव्हरलॉकचा कड कापणारा चाकू बोथट असला तर तोही कापड ओढतो. खांद्याच्या शिवणीत पाव इंची सुती फीत धरा, नाहीतर खांदा लोंबतो आणि बाही खाली येते.

प्रश्न : कॉटन लायक्राचा साडीवरचा ब्लाउज नेहमीच्याच मापाने शिवू का? (पंढरपूर)

आधी कापड ओळखा. चार इंच कापड आडवं ओढा. पाच इंच झालं तर ताण २५ टक्के, सहा झालं तर ५०. सोडल्यावर ते परत चार इंचांवर आलंच पाहिजे. सव्वाचार राहिलं तर कोपरावर आणि काखेत पोकळ पडेल, ते घेऊ नका. मागावरच्या, उभ्या-आडव्या धाग्याच्या लायक्रा कॉटनला साधारण आडवाच ताण असतो, तोही थोडा. त्याला टक्स द्या आणि छातीचं माप जवळपास अंगाएवढंच ठेवा. होजिअरी लायक्रा असेल तर ३६ छातीला ३३ ते ३४ मापाने बेता. दोन्हींत जास्त ताणाची दिशा छातीभोवती आली पाहिजे.

अस्तर साध्या कॉटनचं लावलं की वरचं कापड ताणायचं थांबतं, लायक्राचे पैसे वाया. पातळ होजिअरीचं अस्तर लावा, नाहीतर लावूच नका. साधं कॉटन फक्त हूकपट्टीत घाला, म्हणजे दोन हुकांमध्ये फट पडणार नाही. मागचा गळा खोल असेल तर त्याच्या कडेलाही सुती फीत द्या. मुंढ्याला मात्र झिगझॅगच. तिथली सरळ टीप पहिल्यांदा हात वर केल्यावर तुटते.

आणि हे ब्लाउज एप्रिल-मेच्या उन्हात वाळत घालू नका. उष्णता आणि ब्लीचिंगचं पाणी दोन्ही लायक्राला लवकर मोडतात. सावलीत, उलटं करून वाळवा आणि इस्त्री मध्यम ठेवा.