पत्नीची नेमणूक नंदुरबार जिल्ह्यात धडगाव तालुक्यातल्या आरोग्य उपकेंद्रात झाली आहे. चार वर्षांच्या मुलीला घेऊन डोंगरात राहता येईल का?

राहता येईल, भाऊ. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: लाइट असते का, दुकानं आहेत का, लोक कसे आहेत. यातली एकही तिथली खरी अडचण नाही, म्हणून जरा लांबून सांगतो. मी त्याच तालुक्यातल्या एका पाड्यावरचा, पावरा आदिवासी. आश्रमशाळेत शिकलो, नोकरीमुळे आता खाली शहाद्याकडे राहतो. आई आणि दोन भाऊ वरच आहेत, शेतीही वरच.

आधी एक किरकोळ गोष्ट. ऑर्डरवर तालुका ‘अक्राणी’ लिहिलेला असेल आणि एसटीच्या पाटीवर ‘धडगाव’. घाबरू नका, एकच आहे.

तुम्ही नाशिकचे, त्यामुळे गाव म्हटल्यावर पार, मारुतीचं देऊळ आणि दोन गल्ल्या डोळ्यासमोर येत असतील. आमच्याकडे गावठाण नसतं. एक महसुली गाव म्हणजे आठ-दहा पाडे, आणि पाड्यातही घरं ओळीनं नसतात. ज्याचं शेत जिथे, त्याचं घर तिथे. पोराचं लग्न झालं की तो बापाच्या शेताच्या दुसऱ्या टोकाला आपलं घर घालतो. समोरच्या टेकडीवरच्या माणसाला हाक मारली तर तो ओ देतो. त्याच्याकडे जायचं तर मात्र आधी नाल्यात उतरायचं, मग चढायचं, यात अर्धा तास जातो.

सरकारी योजना गावठाण धरून आखलेल्या असतात. कागदावर गावात हातपंप आहे, अंगणवाडी आहे, शाळा आहे. पण हापसा एका टेकडीवर, अंगणवाडी दुसरीकडे आणि शाळा तिसरीकडे. ज्या पाड्यावर यातलं काहीच नाही, तो पाडाही त्याच गावात मोजला जातो. धडगाव नाशिकपासून लांब आहे याचा त्रास तुम्हाला पहिले पंधरा दिवस होईल. वरची घरं एकमेकांपासून लांब आहेत, हा त्रास मात्र तुमच्या मिसेसना नोकरी असेपर्यंत रोज असणार आहे. लसीकरणाच्या दिवशी बर्फाचे पॅक घातलेला तो निळा डबा खांद्याला लावून आशाताईबरोबर चालत जायचं. एका पाड्यावर पाच पोरं, पुढच्या पाड्यावर तीन. चौथ्या पाड्यावर पोहोचेपर्यंत दुपार होते आणि आया शेतात गेलेल्या असतात. जुने नर्सबाई-आरोग्यसेवक सगळे हेच सांगतात की सुई टोचायला वेळ लागत नाही, पोर सापडायला लागतो.

आता घरांबद्दल, कारण तुम्हाला तिथे शंभर वेळा बसावं लागेल. सागाचे खांब, बांबूचा कूड, त्यावर शेणमाती, वर कौलं. आत एका बाजूला शेळ्या आणि बैल, दुसऱ्या बाजूला माणसं. मधे बांबूच्या मोठ्या कणग्या, शेणानं लिंपलेल्या, त्यात वर्षाची ज्वारी-मका. चुलीच्या बरोबर वर आढ्याला मक्याची कणसं टांगलेली दिसतील. ते बियाणं असतं. धुरानं काळं पडतं, पण त्याला कीड लागत नाही. बाहेरून आलेली माणसं ‘धुराला खिडकी नाही’ म्हणून नाक मुरडतात. धुराचा त्रास खोटा नाही, आईचा खोकला मी रोज ऐकलेला आहे. पण खिडकी पाडून द्यायची असेल तर बियाणं कुठे टांगायचं, तेही सांगायला हवं.

घर बांधताना, कौलं फिरवताना, निंदणीला लाहा होतो. म्हणजे ज्याचं काम त्यानं सगळ्या पाड्यांना सांगायचं, लोक येतात, दिवसभर राबतात, मजुरी घेत नाहीत. संध्याकाळी जेवण आणि मोहाची दारू. पुढे त्यांच्या कामाला आपण जायचं. क्वार्टरचं छप्पर गळत असेल (ते गळतंच) तर अर्ज अवश्य करा, पण पावसाआधी आजूबाजूच्या चार जणांशी बोलून ठेवा.

पावसाळा ही खरी परीक्षा. तळोद्याकडून येणाऱ्या चांदसैली घाटात आणि अक्कलकुव्याहून मोलगीला चढणाऱ्या देवगोई घाटात दरडी येतात, रस्ता बंद होतो. शहाद्याकडून वर येता येतं, पण धडगावच्या पुढे नाले आहेतच. पाणी चढलं की जीप अलीकडेच थांबते. म्हणूनच सरकारच्या नवसंजीवनी योजनेत संपर्क तुटणाऱ्या गावांना पावसाआधीच धान्य आणि औषधं भरून ठेवायची पद्धत आहे. तुम्हीही तेच करा. तेल, डाळ, कडधान्य, गॅस, मुलीची औषधं, टॉर्चचे सेल, सगळं मेअखेरपर्यंत घरात पाहिजे.

याच दिवसांत झोळी निघते. फोटो पाहिले असतील. लांब बांबूला चादर किंवा गोधडी दोन्ही टोकांना गाठ मारून बांधतात, पेशंट त्यात, दोघांच्या खांद्यावर बांबू, बरोबर चार-सहा जण खांदा बदलायला. चढापेक्षा उतार अवघड. पुढचा माणूस खाली असतो, त्यामुळे पेशंट त्याच्या बाजूला घसरतो, म्हणून उतारावर उंच गडी पुढे घालतात. एक पोरगा आधीच धावत सुटलेला असतो, कारण नेटवर्क एखाद्या ठरावीक टेकडीवरच मिळतं आणि १०८ ला फोन तिथूनच लागतो. सगळं वेळेवर झालं तर झोळी रस्त्यावर पोहोचते तेव्हा गाडी उभी असते. नाही झालं तर रस्त्याकडेला बसून राहायचं. दरवर्षी पेपरात अशा बातम्या येतात आणि दोन दिवस लोक हळहळतात.

बाळंतपणासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात माहेरघर आहे. तारखेच्या काही दिवस आधी बाईनं येऊन राहायचं. योजना चांगली आहे, माझं मत स्पष्ट चांगलं आहे. पण बाई म्हणते, मी इथे बसले तर शेळ्या कोण सोडेल, बाकीच्या पोरांना भाकर कोण देईल? घर दुसऱ्या घरापासून लांब, शेजारणीवर टाकता येत नाही. तुमच्या मिसेसचं निम्मं काम हे असेल: सासूला आणि नवऱ्याला समजावणं, आणि एखादी नणंद आठ दिवस येऊन राहील का ते बघणं. ट्रेनिंगमध्ये हे शिकवत असतील असं वाटत नाही.

पोस्टिंग नर्मदाकाठच्या बाजूला असेल तर गोष्ट आणखी वेगळी. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं बाधित झाली, सगळी धडगाव आणि अक्कलकुवा या आमच्याच दोन तालुक्यांतली. २०१९ मध्ये धरण पहिल्यांदा पूर्ण भरलं. पूर्वी जिथून चालत जायचे तिथे आता पाणी आहे, तिकडे बोटीनं जावं लागतं, दवाखानासुद्धा बोटीवरून फिरतो. पोहता येत असेल तर उत्तम, नसेल तर लाइफ जॅकेट मागून घ्या आणि लाजू नका.

पाण्याचं उलटं नाटक उन्हाळ्यात. एवढा पाऊस पडतो, पण उतारावर थांबत नाही. एप्रिल-मेमध्ये नाल्याच्या पात्रात खड्डा करून झिरा काढतात. पाणी पाझरून जमेल तसं वाटीनं हंड्यात भरायचं. आधी आली तिचा हंडा आधी, म्हणून बाया पहाटेच उतरतात. काही ठिकाणी गाढवावर कॅन लादून आणतात. हल्ली सोलरचे पंप आणि टाक्या बऱ्याच पाड्यांवर बसल्या आहेत, चालू असतात तोवर फार सुख. क्वार्टर बघायला जाल तेव्हा नळ बघू नका, मे महिन्यात पाणी कुठून येतं ते विचारा.

दिवाळीनंतर पाडे रिकामे होतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला गुजरातेत जातात, बारडोली, सुरत, नवसारी त्या पट्ट्यात. काही सौराष्ट्रात शेतमजुरीला. लहान पोरं बरोबर. मागे म्हातारे आणि शेळ्या. आता तुमच्या मिसेसच्या रजिस्टरमधली पोरं बघा: नाव धडगावात, पोर उसाच्या फडात. पावसाळ्यात वजन घटतं कारण कणगी रिकामी होत आलेली असते, हिवाळ्यात घटतं कारण पोर फडावर असतं. कुपोषणाची चर्चा नेहमी पाड्यावरच्या आईच्या अज्ञानावर येऊन थांबते, त्याचा मला राग येतो. ज्वारी, मका, भगर, तूर, उडीद, अंबाडी, रानभाज्या, नाल्यातले मासे, कोंबडी असं खाणारी माणसं आहेत ही. पुरत नाही, हा प्रश्न आहे.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं आणि मग कैऱ्या. धडगाव भागात आमचूर मोठं पीकच म्हणा. कैरी सोलायची, चिरायची, खडकावर नाहीतर कौलांवर वाळवायची. घरातली सगळी, सहा वर्षांच्या पोरीपासून आजीपर्यंत, बोटं आंबून सोलवटेपर्यंत बसतात. एक अवकाळी सर आली की आमचूर काळं पडतं आणि व्यापारी भाव पाडतो. त्या आठवड्यात तपासणीला बाया आल्या नाहीत तर रागावू नका.

होळीबद्दल मात्र लक्ष देऊन वाचा. होळीआधी भोंगऱ्या बाजार भरतात आणि बाहेर गेलेले जिथे असतील तिथून परत येतात. काठी गावची राजवाडी होळी प्रसिद्ध आहे, उंच बांबू उभारून पहाटे पेटवतात. बाकी गावांच्या होळ्या वेगवेगळ्या दिवशी असतात, त्यामुळे सगळ्यांना सगळीकडे नाचायला जाता येतं. अंगाला राख, कमरेला घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा टोप असे नवस केलेले बावा-बुध्या दिसतील, त्यांचे कडक नेम असतात, उगाच अंगाला हात लावून सेल्फी काढू नका. आता कामाचं: वर्षात एवढे लोक एका जागी येतात ते याच दिवसांत, एरवी फक्त आठवडे बाजारात. घरोघर फिरून न सापडलेलं पोर भोंगऱ्यात आईच्या कडेवर सापडतं. बाजाराच्या कडेला एक टेबल टाकून बसलं तर महिन्याची पायपीट वाचते. तुमच्या मिसेसनी वरिष्ठांशी आधीच बोलून ठेवावं. होळीला नाशिकला जायचा बेत असेल तर तो सोडा.

लोक कसे आहेत? आधी दोन महिने बोलणार नाहीत. बऱ्याच जुन्या बायांना मराठी येत नाही, पावरी किंवा भिली बोलतात. मुलगी अंगणवाडीत गेली की तुमच्याआधी शिकेल आणि दुभाषी होईल. आजारी माणूस आधी बडव्याकडे, म्हणजे आमच्या भगत-वैदूकडे जाईल. त्यावरून भांडू नका, बडव्याशी ओळख करून घ्या. तो ‘आता दवाखान्यात न्या’ म्हणाला तर झोळी लगेच निघते, सिस्टर दहा वेळा बोलल्या तरी निघत नाही अशी. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आमच्याकडे बराच आहे, तपासणीला लोक आता स्वतःहून येतात. दारू आहे. लग्नात आणि बाजाराच्या दिवशी संध्याकाळी भांडणंही होतात, त्या वेळी रस्त्यात थांबू नये.

लाइट: जाते, वादळात आठ-आठ दिवस. सोलरचा दिवा घ्या. दुकान: बिस्कीट, तेल, साबण मिळतं, बाकी धडगावला. फोन: कुठल्या कंपनीचं कार्ड चालतं ते तिथल्या आशाताईला विचारा, मला विचारू नका. रेशनवाला अंगठा घ्यायला मशीन घेऊन टेकडीवर जातो, यावरून काय ते समजा. थंडी: डाब आणि तोरणमाळकडे डिसेंबर-जानेवारीत दव गोठतं. तोरणमाळ सुमारे ११५० मीटरवर आहे. डाबकडे तर स्ट्रॉबेरी पिकते. नाशिकची थंडी माहीत आहे म्हणून गाफील राहू नका, कुडाच्या घरात वारा शिरतो.

मुलगी सोबतच ठेवा असं माझं मत. आजी-आजोबांकडे ठेवून आई वर एकटी राहिली तर ती सहा महिन्यांत बदलीचा अर्ज करते, हे मी आमच्या गावात दोन-तीनदा बघितलंय. मुलगी आजारी पडली तर धडगावपर्यंत तिच्या आईपेक्षा जवळचं आरोग्य खातं कोणी नाही. धडगावला ग्रामीण रुग्णालय आहे, मोठं काही असेल तर नंदुरबार. जिल्हा १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झाला आणि २०२० मध्ये नंदुरबारला मेडिकल कॉलेज आलं, त्यामुळे पूर्वीसारखं प्रत्येक गोष्टीला धुळ्याला पळावं लागत नाही. पहिली-दुसरीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा चालेल. पुढे धडगावला खोली घ्यायची का, ते तेव्हा बघा.

हजर व्हायची तारीख जूनमधली असेल तर सामान मेमध्येच वर टाका. उपकेंद्र कुठल्या गावाचं ते इथे खाली लिहा, त्या बाजूला शेवटची जीप किती वाजता सुटते आणि कुठल्या नाल्याला थांबते ते भावाला विचारून कळवतो.