फौजेचे कागद: आईचं नाव हौसाबाई की सुनंदा?

सातारा-सांगलीकडच्या माजी सैनिकांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या पत्रांना निवृत्त सुभेदार क्लार्कची उत्तरं. नोकरीतली बरीच वर्षं मी सैनिकांच्या नोंदी ठेवण्याच्या कामात घालवली, म्हणून संपादकांनी हे सदर माझ्याकडे सोपवलं आहे. यावेळची बहुतेक पत्रं डिस्चार्ज बुकातल्या, म्हणजे फौजेतून सुटताना मिळणाऱ्या सेवेच्या पुस्तकातल्या, चुकांबद्दल होती. त्यातली चार घेतो.

प्रश्न : साहेब, जय हिंद. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून १९८६ साली हवालदार म्हणून पेन्शनवर आले. गेल्या दिवाळीच्या आधी ते वारले. आईचं माहेरचं नाव सुनंदा, शाळेच्या दाखल्यावर तेच आहे. लग्नात सासरी नाव बदलून हौसाबाई ठेवलं आणि वडिलांनी फौजेत तेच सांगितलं. पुढं आधार काढताना आईनं शाळेचा दाखला दिला, त्यामुळं आधार, पॅन, पासबुक सगळीकडं सुनंदा झालं. आता बँकेत म्हणतात, पीपीओवरची (पेन्शनच्या हुकुमावरची) बाई वेगळी आहे, पेन्शन चालू होणार नाही. कुणी सांगतं आधारवरचं नाव बदला. एकजण सगळं करून देतो म्हणून वीस हजार मागतोय. काय करू? — एक भगिनी, माण तालुका

उत्तर : ताई, वीस हजारवाल्याला आधी वाट दाखवा. नावाच्या दुरुस्तीला फौज एक रुपया फी घेत नाही. खर्च होतो तो प्रतिज्ञापत्राचा, पेपरातल्या जाहिरातीचा, झेरॉक्सचा आणि पोस्टाचा.

आणि आधारला हात लावू नका. आज आधारवर हौसाबाई केलं की उद्या पासबुक जुळणार नाही, परवा पॅन, तेरवा सातबारा. एक गाठ सोडवताना चार नव्या बसतात. आईंचे चालू कागद सगळे सुनंदा नावाचे आहेत ना? मग तेच नाव धरा आणि फौजेची नोंद त्याला जुळवून घ्या.

ही नोंद मुळात कुठं असते ते समजून घ्या, म्हणजे उगाच बँकेत खेपा होणार नाहीत. जवान लग्न करून रजेवरून परतला की युनिटमध्ये अर्ज देतो. त्यावरून पार्ट टू ऑर्डर निघते, म्हणजे लग्न, मुलाचा जन्म, नावातला बदल असल्या गोष्टींचा अधिकृत हुकूम. ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसात जाते आणि जवानाच्या शीट रोलवर, म्हणजे त्याच्या सेवेच्या मूळ नोंदपत्रावर, चढते. मी या शीट रोल हाताळल्या आहेत. बायकोच्या नावापुढं ऑर्डरचा नंबर, तारीख आणि अधिकाऱ्याची छोटी सही असते. नाव चुकलं असेल तर त्यावर एक आडवी रेघ मारून वर बरोबर नाव आणि शेजारी नव्या ऑर्डरचा नंबर लिहिलेला असतो. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ या शीट रोलवरूनच तयार होतात. म्हणून बँकेला दोष देऊन उपयोग नाही. बँकेपुढं पीपीओ असतो, त्यावरचं नाव बदलायचा अधिकार तिला नाही. तुमच्या वडिलांची शीट रोल बेळगावला मराठा रेकॉर्ड्समध्ये आहे. दुरुस्ती तिथं व्हायला हवी. तिथून ती प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडं जाते आणि दुरुस्तीचा पीपीओ निघतो. त्याला सगळे कॉरिजेंडम पीपीओ म्हणतात.

आता कागद. आईंच्या सहीचा किंवा अंगठ्याचा अर्ज. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र. त्यात स्पष्ट लिहून घ्या की हौसाबाई आणि सुनंदा ही एकच व्यक्ती, अमुक नंबरच्या हवालदाराची पत्नी. नाव पूर्ण बदलतंय, त्यामुळं एका मराठी आणि एका इंग्रजी वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागेल. दोन्हीची अख्खी पानं जपून ठेवा, नुसती कात्रणं नकोत. सोबत शाळेचा दाखला, आधार, पॅन, वडिलांचा मृत्यूचा दाखला, डिस्चार्ज बुकाची सगळी पानं, पीपीओ, आणि ग्रामपंचायतीचा दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचा दाखला. हे सगळं घेऊन साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, त्यांची सही-शिक्का घ्या आणि त्यांच्याच पत्रासोबत बेळगावला पाठवा. स्वतः पाठवणार असाल तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती फाइलला लावा.

प्रत्येक पानाच्या डोक्यावर वडिलांचा आर्मी नंबर, हुद्दा आणि नाव लिहा. नंबराच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं, ते सोडू नका. नाव डिस्चार्ज बुकात जसं आहे तसंच लिहा, गावात काय म्हणत होते ते नको. अर्धवट नंबराचा अर्ज टेबलावर आला की तो बाजूला पडतो. मी तसल्या अर्जांचे गठ्ठे पाहिलेत.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती पैशाचीच आहे. त्याच अर्जात आईंची जन्मतारीखही नोंदवून मागा. जुन्या नोंदींत बायकोच्या जन्मतारखेची जागा कोरी असते, नाहीतर नुसतं साल असतं. वयाची ८० वर्षं पूर्ण झाली की कौटुंबिक पेन्शनमध्ये २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला शंभर टक्के. तारीखच नोंदलेली नसेल तर ही वाढ कुणी आपणहून देत नाही. खेड्यापाड्यांत कितीतरी माऊल्या हा हक्क न घेताच गेल्या असतील, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नवरा सीमेवर असताना जिनं शेत, गुरं, सासू-सासरे एकटीनं सांभाळले, तिला म्हातारपणी खिडकीवर कुणी तरी म्हणतं, तुम्ही त्याची बायको कशावरून? हे ऐकून माझ्या जिवाला लागतं. म्हणून हा कागद नीट व्हायलाच हवा.

उशीर झाला म्हणून घाबरू नका. कौटुंबिक पेन्शन वडील वारले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होते. नोंद दुरुस्त झाल्यावर मधल्या काळाची थकबाकी मिळते. स्पर्श या फौजेच्या पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर वडिलांच्या मृत्यूची नोंद अजून केली नसेल तर ती मात्र लगेच करा, नावाची दुरुस्ती होईपर्यंत थांबू नका. मृत्यूनंतर त्यांच्या नावे जादा पेन्शन जमा झाली तर ती परत वसूल होते.

ज्यांचे यजमान हयात आहेत त्यांनी हे वाचून आजच डिस्चार्ज बुक काढून बघावं. सैनिक स्वतः जिवंत असताना ही दुरुस्ती बरीच सोपी जाते, कारण ही माझीच बायको, असं तो स्वतः लिहून देतो. घरात दिव्यांग मूल असेल तर त्याचं नावही नोंदीत आहे का ते तपासा. आई-वडिलांच्या पश्चात त्या मुलाला पेन्शन मिळू शकते, पण नोंद नसेल तर ते सिद्ध करायला कोण उरतं?

प्रश्न : मी सतरा वर्षं सेवा करून पेन्शनवर आलोय. माजी सैनिकांच्या राखीव जागेतून नोकरीसाठी निवड झाली, पण कागद तपासणाऱ्यांनी दोन चुका काढल्या. डिस्चार्ज बुकात सेवामुक्तीची तारीख ३१ जुलै आहे आणि पीपीओत पेन्शन १ ऑगस्टपासून. शिवाय सेवामुक्तीचं कारण ‘स्वतःच्या विनंतीवरून’ असं आहे, म्हणून मी माजी सैनिक ठरत नाही म्हणतात. रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्ती कशी करून घ्यायची? — माजी नाईक, कवठेमहांकाळ

उत्तर : दुरुस्तीचा अर्ज करूच नका, कारण तुमच्या कागदात चूक नाही. ३१ जुलै हा सेवेचा शेवटचा दिवस, पेन्शन दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. दोन्ही तारखा बरोबर आहेत.

कारणाचं म्हणाल तर अडचण येते ती पेन्शन न मिळवता स्वतःच्या विनंतीनं घरी आलेल्यांना. जवानाला पंधरा वर्षांच्या सेवेवर पेन्शन लागते, तुमची सतरा झालीत. पेन्शन मिळवून विनंतीनं बाहेर पडलेला जवान माजी सैनिकच असतो. तपासणाऱ्यांना पीपीओ दाखवा आणि सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून माजी सैनिक असल्याचं पत्र आणून द्या. तरीही ऐकलं नाही तर नकार लेखी मागा. लेखी मागितलं की लोक नियम उघडून बघतात. मात्र तोंडी नकार ऐकून रुजू व्हायची मुदत घालवू नका.

प्रश्न : माझे आजोबा १९५८ साली भरती झाले, १९६५ च्या लढाईत होते आणि १९६७ साली पेन्शनशिवाय घरी आले. त्यांच्या डिस्चार्ज बुकात जिल्हा ‘साउथ सातारा’ लिहिलाय, आम्ही तर तासगावचे. मेडलचा उल्लेखही नाही. पुस्तक पाण्यानं इतकं खराब झालंय की अर्धी पानं वाचता येत नाहीत. सगळं दुरुस्त करून नवं पुस्तक मिळेल का? — एक नातू, तासगाव

उत्तर : बाळ, जिल्हा बरोबरच आहे. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि तासगाव दक्षिण सातारा जिल्ह्यात गेलं. त्या जिल्ह्याला सांगली हे नाव १९६० साली मिळालं. आजोबा १९५८ ला भरती झाले, तेव्हा तुमचा तालुका दक्षिण साताऱ्यातच होता. ती नोंद बदलायला जाऊ नकोस.

नवं डिस्चार्ज बुक सहसा मिळत नाही, त्याऐवजी रेकॉर्ड ऑफिस सेवेचा दाखला देतं. तुझी खरी अडचण वेगळी आहे. पेन्शन नसलेल्या जवानांचे कागद २५ वर्षांनंतर नष्ट करतात. आजोबांची शीट रोल आज शिल्लक असण्याची आशा कमी. पण लाँग रोल नावाचं मोठं रजिस्टर कायम ठेवलं जातं. त्यात नंबर, नाव, भरती आणि सेवामुक्तीची तारीख अशी एकेका माणसाची थोडक्यात नोंद असते. त्याचीच प्रत माग.

त्याआधी आजोबा कुठल्या रेजिमेंटचे होते ते पक्कं कर. सातारा-सांगलीचा माणूस म्हणजे मराठा बटालियनचाच, असं धरून लोक बेळगावला अर्ज धाडतात आणि उत्तराची वाट बघत बसतात. महार रेजिमेंटचं रेकॉर्ड मध्य प्रदेशात सागरला आहे, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नलचं जबलपूरला, ईएमईचं (गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलाचं) सिकंदराबादला. पुस्तकाच्या पहिल्या पानावरचा शिक्का भिंगातून बघ. पानं ओली असतील तर उन्हात घालू नकोस, सावलीत वाऱ्यावर सुकू दे आणि सुकल्यावर प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेव.

नुसत्या अर्जाला उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज कर. फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. आजोबांशी नातं दाखवणारा कागद जोड, नाहीतर दुसऱ्याची माहिती म्हणून नाकारतील. प्रश्न नेमका विचार. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलंस तर हाती काही लागणार नाही. ‘अमुक नंबरच्या शिपायाची लाँग रोलमधली नोंद आणि त्याला मंजूर झालेल्या मेडलचा तपशील द्यावा’ असं लिही. १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल अशी दोन पदकं होती. आजोबांना त्यातलं कोणतं लागू होतं हे त्यांचं युनिट तेव्हा कुठं होतं त्यावर ठरेल, म्हणून युनिटचं नाव पुस्तकात सापडतंय का ते नीट बघ.

प्रश्न : भरतीच्या वेळी गुरुजींनी लिहिलेली माझी जन्मतारीख दोन वर्षांनी पुढची आहे. खरी तारीख जन्ममृत्यू नोंदवहीत सापडली. मी सात वर्षांपूर्वी निवृत्त झालो. डिस्चार्ज बुकात बदलता येईल का? — माजी हवालदार, कोरेगाव

उत्तर : हवालदारसाहेब, नाही. भरतीला जी तारीख नोंदली तिच्यावर तुमची पूर्ण सेवा, बढती आणि पेन्शन उभी आहे. सेवा संपल्यावर ती बदलून मिळत नाही. सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबईला खंडपीठ आहे, पण या कारणासाठी तिथं वकिलावर पैसे घालवा असं मी तुम्हाला सांगणार नाही.

तुमच्या बाबतीत आधारचा सल्ला मात्र वरच्या ताईंच्या उलट आहे: तिथं फौजेची नोंद आधारला जुळवायची होती, इथं आधार फौजेच्या नोंदीशी जुळता ठेवायचा. आधारवर नोंदवहीतली तारीख घालायला जाऊ नका. आधार, पॅन आणि पीपीओ या तिन्हींवर फौजेचीच तारीख राहू द्या, नाहीतर स्पर्शवर हयातीच्या दाखल्याच्या वेळी अडकाल. पत्नीची जन्मतारीख वेगळी गोष्ट आहे. ती चुकली असेल तर अजूनही दुरुस्त होते, अर्ज वर सांगितल्याप्रमाणेच करा.