फळवाटप झालं, पोरं आहेत तशीच!

प्रश्न : बाई, नमस्कार. मी कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका तालीम मंडळाचा खजिनदार. आमच्याकडं पंधरा ते बावीस वयाची पोरं भरपूर. वाईट नाहीत, पण फुटबॉलचा हंगाम आला की शाहू स्टेडियमवर समोरच्या पेठेला शिव्या, परतताना हुल्लडबाजी, मोबाईलवर एकमेकांची आई-बहीण काढणं. पोरांत जरा माणुसकी यावी म्हणून यंदा 'माणुसकी सप्ताह' घेतला. चौकात डिजिटल फलक लावला, वृद्धाश्रमात फळवाटप केलं, रक्तदान शिबिर झालं, पेपरात फोटो आला. पुढच्याच मॅचला तीच पोरं आणि तीच भाषा. आमचं काय चुकलं? दुसरा उपक्रम सुचवा.

उत्तर : खजिनदारसाहेब, रक्तदान तेवढं चालू ठेवा. बाकीचा सप्ताह गुंडाळा. दात नसलेल्या आजोबांच्या हातात सफरचंद ठेवून काढलेले फोटो मी पुष्कळ पाहिलेत. त्यात पोरगं आजोबांकडं बघत नसतं, कॅमेऱ्याकडं बघत असतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आपण त्याला आजोबांचं नावसुद्धा सांगितलेलं नसतं.

आता २०१९ च्या ऑगस्टातला महापूर आठवा. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका, हे आपल्याकडं शाळेतलं पोरही सांगतं. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीला हायवे बंद पडला. पेठेत पाणी चढायला लागल्यावर म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून कुणी बाहेर काढलं? ज्यांच्याबद्दल तुम्ही मला पत्र लिहिलंय, तसल्याच पोरांनी. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत तर गणपती अर्धे रंगवून झालेले होते. मूर्ती हातोहात पुढं सरकवायची तर ती पाटाखालून धरायची असते, हाताला धरली की हात निखळतो. माझ्या वर्गात ज्याला मी कायम मागच्या बाकावर बसवायची, तो पोरगा तिथं दुसऱ्यांना ओरडून सांगत होता, "पाटाला धर की रं! हात मोडतोयस देवाचा!" एवढी काळजी त्यानं वहीची कधी घेतली नव्हती.

तेव्हा डिजिटल फलक नव्हता आणि भाषणही नव्हतं. समोर ओळखीचं माणूस होतं, ठरलेलं काम होतं आणि आपण नाही गेलो तर कुणी जाणार नाही, हे कळत होतं. पूर ओसरला, पोरं परत कट्ट्यावर आली आणि आपण त्यांच्याकडचं काम काढून घेतलं. तुमची चूक झालीच असेल तर ती ही.

म्हणून माझं सांगणं असं. पोरांना सप्ताह देऊ नका, घरं द्या. उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, गल्लीची यादी करा. एकटं कोण राहतं, जिना कुणाला उतरवत नाही, इन्शुलिन कुणाकडं फ्रीजमध्ये असतं, कुणाची म्हैस आहे, कुणाचा मुलगा पुण्याला आहे आणि त्याचा नंबर काय. दोन पोरांच्या जोडीला दोन घरं. पहिल्यांदा बरोबर तुमच्यासारखं गल्लीतलं कुणीतरी मोठं माणूस हवं, नाहीतर आज्जी दार उघडणार नाहीत आणि उघडूही नये. घरच्यांनी हो म्हटलं तरच नाव घ्यायचं. यादी वहीत ठेवा, व्हॉट्सॲपवर मुळीच नको. एकट्या म्हाताऱ्यांची यादी चोराच्या हातात गेली तर आपणच घर दाखवल्यासारखं होईल. पैसे, दागिने, एटीएमचं कार्ड, यांना पोरांनी हात लावायचा नाही, आज्जींनी आग्रह केला तरीही नाही.

जुलैत राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की आपल्यापर्यंत पाणी यायला काही तास लागतात. ते तास पोरांचे. औषधांची पिशवी, रेशनकार्ड, चष्मा एका जागी. वीज जाणार असेल तर इन्शुलिन कशात गार ठेवायचं ते आधीच डॉक्टरांना विचारून ठेवलेलं. माणसं पाणी यायच्या आत नातेवाइकांकडं किंवा निवारा केंद्रात पोचलेली. पाणी आल्यावर मात्र पोरांनी पाण्यात उतरायचं नाही. ते काम अग्निशमन दलाचं आणि आपत्ती दलाचं. पंचगंगेच्या पुलावरून उड्या मारणाऱ्यांची आपल्याकडं वाण नाही, त्यांना हे दोनदा सांगा.

पूर आलाच नाही तर? उत्तमच. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. माणूस जिवंत आहे हे सिद्ध करायला त्याला बँकेच्या पायऱ्या चढायला लावतात, आता काय बोलायचं! रिक्षा बोलावणं, रांगेत नंबर धरणं, आजोबांना बाकावर बसवून चहा आणून देणं, किंवा मोबाईलवरून दाखला निघत असेल तर ते करून देणं, हे तुमच्या पोरांना आपल्यापेक्षा लवकर जमतं. मधल्या दिवसांत पंधरा दिवसांतून एक चक्कर पुरे. गॅसची टाकी, बंद पडलेला बल्ब, सीपीआर या सरकारी दवाखान्यातल्या ओपीडीची रांग. काही काम नसेल तर नुसतं बसायचं. आजोबा खासबागेतली जुनी कुस्ती पुन्हा सांगतील, ती पुन्हा ऐकायची.

शिव्या लगेच थांबतील असं मी म्हणत नाही. स्टेडियमवर दहा हजार माणसं ओरडत असताना एकट्यानं गप्प बसणं मोठ्यांनाही जमत नाही. पण ज्या पोराच्या दोन घरांपैकी एक आज्जी समोरच्या पेठेतली माहेरवाशीण निघेल, त्याला त्या पेठेच्या आयांवरून बोलताना जरा अडखळायला होईल. पहिल्या वर्षी एवढ्यावर समाधान माना. आणि जे पोरगं दोन महिने जाऊन कंटाळेल त्याला बोल लावू नका, जोडी बदलून द्या.

वर्गणीतून फक्त वही आणि रिक्षाभाडं टाका. टी-शर्ट छापू नका. पोरं मागतील.

प्रश्न : मी कॉलेजच्या एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) आहे, दुसऱ्या वर्षाला. वर्षाचे १२० तास भरायचे असतात. आमच्या गटातली निम्मी मुलं सही करून निघून जातात आणि झाडू आम्ही मुलीच मारतो. सरांना सांगितलं तर चहाडखोर ठरते. काय करू?

उत्तर : अगं, चहाडी कसली, हिशेब आहे तो. पण नावं घेऊन जाऊ नकोस. सरांना एवढंच सुचव, की हजेरी सुरुवातीला न घेता काम संपल्यावर, कामाच्या जागी घ्यावी. निम्मा प्रश्न तिथंच मिटतो. उरलेल्या निम्म्यासाठी कामाचं वाटप चिठ्ठ्या टाकून करा, म्हणजे झाडू कुणाच्याही वाट्याला येईल. तुमच्याच जिल्ह्यातल्या कुंभोजला जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एकत्र ठेवली आणि त्यांना आपली कामं आपण करायला लावली. कामाला पोरांचं आणि पोरींचं असं लेबल लावून घेऊ नका. जी मुलं थांबतात त्यांच्याशी आधी बोल, तुला वाटतात त्यापेक्षा ती जास्त निघतील. आणि सरांनी ऐकलं नाही, तर तुमच्या पाच-सहा जणींनी वेगळं काम मागून घ्या. रंकाळा तलावाचा काठ मोठा आहे.

प्रश्न : माझा तेरा वर्षांचा मुलगा शेजारच्या आज्जींची दळणं धावत आणून देतो आणि घरात धाकट्या बहिणीवर सारखा खेकसतो. याला ढोंगी म्हणायचं का?

उत्तर : नको हो. आज्जी त्याला 'माझा वाघ' म्हणत असतील, घरात त्याला तसं कोण म्हणतं? शिवाय बहीण चोवीस तास समोर असते, आज्जी दहा मिनिटं. ढोंगी म्हणालात तर दळणही बंद करेल. रविवारी मटणाचा बेत असेल तेव्हा वाढायचं काम त्याच्याकडं द्या, तांबडा-पांढरा दोन्ही. बहिणीला काय आवडतं ते त्यानं विचारून वाढायचं, स्वतः शेवटी बसायचं. सांडेल थोडं. फडकं हाताशी ठेवा, आणि पुसायलाही त्यालाच सांगा.