बेल वाजली की हात थांबतो

"मॅडम, मी भित्री आहे का? नोकरी सोडून देऊ?" आयसीयूतल्या सिस्टर आणि ब्रदर माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा हे दोन प्रश्न ठरलेले असतात. पेशंटच्या नातेवाइकांचा मार खाऊन आलेल्यांचे तर हमखास.

सुनंदा (नाव आणि काही तपशील बदललेत) सांगलीतल्या एका रुग्णालयात नऊ वर्षं आयसीयूत. तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदाराला फवारणीच्या औषधाची विषबाधा झाली होती. त्यावर उतारा म्हणून ॲट्रोपिन चालू असताना पेशंट कधी कधी भ्रमात जातो, नळ्या ओढतो. म्हणून हात बांधलेले. तिसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला, पोराशी चार शब्द बोलला. त्याच रात्री मान उचलेना, श्वास मंदावला, व्हेंटिलेटर लावावा लागला. या विषात सुधारलेला पेशंट दोन-तीन दिवसांनी असा खाली जाऊ शकतो, हे आत सगळ्यांना ठाऊक. पोराला कुणी सांगितलंच नव्हतं. पहाटे हृदय थांबलं. दाराच्या काचेतून त्याला दिसलं ते एवढंच: बापाचे हात बांधलेत आणि एक बाई त्याची छाती जोर लावून दाबतेय. तो दार ढकलून आत शिरला आणि सुनंदाच्या कानाखाली वाजवली. तोंडाने 'सिस्टर, सिस्टर' ओरडत होता, म्हणाली.

व्यवस्थापनाने सांगितलं, दुःखात होता बिचारा, वाढवू नका. नवरा म्हणाला, उद्यापासून जाऊ नको. ती तिसऱ्या दिवशी ड्युटीवर हजर. पण दाराची बेल वाजली की भरत असलेली सिरिंज हातात तशीच राहायची.

इथे माझी एक चूक सांगते. मी विचारलं, "त्यांना आधी नीट समजावलं होतं का?" तिचा चेहरा क्षणात बंद झाला. मीही तेच केलं होतं, तिच्याच पदरात चूक टाकली होती. ते सत्र वाया गेलं. पुढच्या खेपेला मी आधी माफी मागितली.

तिला सगळ्यात जड जात होतं ते वेगळंच. "त्याचा बाप गेला हो. त्याच्यावर केस कशी करू?" दया येते म्हणून मार गिळलाच पाहिजे असं नाही, या एका वाक्यापाशी आम्ही तीन सत्रं घालवली. महाराष्ट्रात 2010 पासून डॉक्टर-नर्सवरच्या हल्ल्यांसाठी स्वतंत्र कायदा आहे. गुन्हा अजामीनपात्र, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण तक्रारीचं ओझं एकट्या नर्सने का वाहायचं? तिच्या परवानगीने मी मेट्रनशी, म्हणजे नर्सेसच्या प्रमुखांशी, बोलले आणि अखेर रुग्णालयाने स्वतःच्या नावाने तक्रार दिली. नातेवाइकांशी रोज दोनदा डॉक्टरांनीच बसून बोलायचं, असंही ठरलं. मला विचाराल तर हे आधीच व्हायला हवं होतं.

भित्रेपणाचं म्हणाल, तर पहिल्या काही आठवड्यांत दचकणं, झोप उडणं, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येणं हे शरीर सावध राहिल्याचं लक्षण. महिना उलटूनही कमी होत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. जवळ कुणी नसेल तर टेलीमानसचा 14416 हा मोफत सरकारी क्रमांक आहे. नोकरीचा निर्णय या काळात शक्यतो घेऊ नये. आम्ही माझ्या खोलीत मोबाईलवर तीच बेल ऐकायचो. पाय जमिनीला टेकवून, श्वास हळूहळू सोडत. आधी बारीक आवाजात, मग मोठ्याने. दुसऱ्यांदा ती रडली, सातव्यांदा वैतागली. वैताग मला बरा वाटला.

सध्या ती डायलिसिस विभागात आहे, तीन महिन्यांसाठी. परत जायचं की नाही, अजून ठरलेलं नाही. पण मेट्रनच्या मागे लागून तिने आयसीयूची बेल बदलून घेतली. आता ती चिमणीसारखी वाजते, आणि पहाटे तीनला चिमणी ओरडली की नाइटच्या पोरी हसतात म्हणे.