यंत्रघर: वाचकांचे प्रश्न
या महिन्यात: जुनी शिडाची बोट

एरवी या सदरात मोटर का जळते, बोअरचा पंप हवा का ओढतो असे प्रश्न येतात. या खेपेला टपालात बोटीची पत्रं निघाली. नवल नाही. आंबा घाट उतरला की समुद्रच, आणि कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती बघत वाढलेल्या माणसाला हातात चार पैसे आल्यावर शीड खुणावणारच. नौदलाच्या इंजिनरूममध्ये उमेदीची वर्षं घालवल्यामुळे ही पत्रं संपादकांनी माझ्याकडे सरकवली.

प्रश्न: आम्ही तीन डॉक्टर मित्र. मुंबई बंदरातली १९८४ सालची ३३ फुटी फायबरची शिडाची बोट घ्यायचं जवळजवळ ठरलंय. इंजिन एका दमात सुरू झालं, आतलं सागवान चकचकीत आहे. चार्टप्लॉटर (पडद्यावर सागरी नकाशा दाखवणारं यंत्र), ऑटोपायलट (सुकाणू आपोआप धरणारं यंत्र) आणि फ्रिजसाठी पैसे बाजूला काढलेत. आणखी काय लागेल? बोट फार जुनी तर नाही ना? (एक डॉक्टर, मिरज)

डॉक्टर, फ्रिजचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या.

वयाची काळजी करू नका. १९८५ ते १९८७ मध्ये आपल्या लष्कराच्या इंजिनीअर्स कोअरचे अधिकारी ‘तृष्णा’मधून जगप्रदक्षिणा करून आले, तीही ३७ फुटी आणि जुनीच विकत घेतलेली बोट होती. एकट्याने शिडाच्या बोटीतून जगप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत तर १९८८ पूर्वी आराखडा झालेल्या ३२ ते ३६ फुटी बोटीच चालतात. २०२२ च्या शर्यतीत आपले अभिलाष टॉमी तसल्याच एका बोटीतून, रस्टलर ३६ मधून, दुसरे आले. त्या काळातल्या बऱ्याच बोटींचं फायबर आजच्यापेक्षा जाडच असतं. म्हातारं होतं ते फायबरवर बसवलेलं सामान.

इंजिन एका दमात सुरू झालं, ठीक. पण त्याआधी ब्लॉकला हात लावून पाहिलात का? विकणारा माणूस तुम्ही यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवतो. पुढच्या वेळी न कळवता जा, गार इंजिन सुरू करायला लावा आणि मागे एक्झॉस्टमधून पाणी नीट पडतंय का ते बघा. धार बारीक असेल तर समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी इंपेलर गेलाय किंवा एक्झॉस्टच्या नळीचा एल्बो, म्हणजे वाकडा सांधा, काजळीने भरलाय. इंपेलर स्वस्त असतो, तो दर वर्षी बदलायचा.

मग डोलकाठीकडे वळा. ती उभी असते ती स्टेनलेसच्या तारांच्या ताणावर. बहुतेक बोटींत ही तार १९ पदरी असते. ती मधे कुठे तुटत नाही, खालच्या टोकाला दाबून बसवलेल्या टर्मिनलच्या, म्हणजे धातूच्या नळीच्या, तोंडाशी तुटते. स्टेनलेस गंजत नाही ते वरच्या अगदी पातळ थरामुळे, आणि तो थर टिकायला हवा लागते. टर्मिनलच्या नळीत खारं पाणी उतरतं आणि साचून राहतं. तिथे हवा पोचत नाही, मग स्टेनलेसही आतून खाल्लं जातं. जुन्या सुती धोतराचा बोळा करून तारेवरून वरून खाली फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे एक पदर तुटलेला आहे. एक पदर तुटला की ती तार बाद. सगळ्या तारा साधारण दहा ते पंधरा वर्षांनी बदलायच्या असतात. मालकाला तारखेसकट पावती मागा. “मागेच बदलल्यात” हे उत्तर धरू नका. डेकमधून खाली जाणाऱ्या चेनप्लेट, म्हणजे या तारा ज्यांना बांधतात त्या धातूच्या पट्ट्यासुद्धा बघा. वर चकाकतात, पण डेकच्या जाडीत दडलेल्या भागात तडे असतात, म्हणून निदान एक तरी काढून बघितल्याशिवाय इसार देऊ नका.

शेवटी बोटीला पाण्याखाली पाडलेली भोकं. टॉयलेट, इंजिन, सिंक, प्रत्येकाच्या भोकावर एक व्हॉल्व्ह असतो. तो साध्या पितळेचा असेल तर समुद्राचं पाणी त्यातलं जस्त खाऊन टाकतं आणि मागे उरतं ते गुलाबी, भुसभुशीत तांबं. खरवडून रंग बघा. गुलाबी दिसलं तर तो व्हॉल्व्ह हातानेसुद्धा मोडू शकतो. तिथे ब्राँझचा किंवा जस्त न सोडणाऱ्या पितळेचा व्हॉल्व्ह बसवायचा, आणि व्हॉल्व्ह मोडलाच तर भोकात ठोकायला प्रत्येक व्हॉल्व्हला मापाची मऊ लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवायची. तारा आणि व्हॉल्व्ह झाल्यावर काही उरलं तर ऑटोपायलट घ्या. फ्रिजचं बघू.

प्रश्न: मित्राच्या गोव्यातल्या बोटीत पावसाळ्यात झोपायच्या बाकावर पाणी टिपकतं. वरून सिलिकॉन मारून मारून थकलो. डेकवर एका ठिकाणी पाय किंचित दबतो. काय करावं? (एक अभियंता, इस्लामपूर)

सिलिकॉन मारणं आधी थांबवा. सिलिकॉन लागलेल्या जागेवर पुढे रंग, इपॉक्सी (दोन भाग मिसळले की कडक होणारी राळ), इतकंच काय दुसरं सिलिकॉनही धरत नाही.

डेक म्हणजे फायबरच्या दोन पातळ पापुद्र्यांमध्ये बाल्सा लाकूड. कठड्याच्या खांबांचे बोल्ट त्यातून आरपार गेलेले असतात. बोल्टभोवतीचा लेप मेला की पाणी बाल्सात शिरतं, आडवं पसरतं आणि वाट मिळेल तिथे खाली उतरतं. बाकाच्या बरोबर वर भोक शोधत बसलात तर सापडायचं नाही.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत भोपळा टिचकी मारून पारखतात, तसा डेक पारखायचा. स्क्रूड्रायव्हरची प्लॅस्टिकची मूठ घ्या आणि चार-चार बोटांवर ठोकत चला. कोरड्या जागी ‘टक्’ असा टणक आवाज येतो, भिजलेल्या जागी ‘थप्’. जिथे आवाज बदलतो तिथे खडूने खूण करा. खुणा जोडल्या की डाग केवढा आहे ते दिसेल, आणि जवळच कुठेतरी एक खांब उभा असेल.

डाग वीतभराच्या आत असेल तर काम घरगुती आहे. खांब काढा. बोल्टचं भोक वरच्या पापुद्र्यातून मोठं करा, खालचा पापुद्रा शाबूत ठेवा. एक खिळा काटकोनात वाकवून ड्रिलमध्ये धरा आणि हळू फिरवा, कुजका बाल्सा भुग्यासारखा बाहेर येईल. तो काळा आणि ओला असेल, आंबूस वास येईल. हाताला कोरडं, पिवळट लाकूड लागेपर्यंत कोरत राहा. मग जागा वाळू द्या, अगदी नीट वाळू द्या, घाई इथेच नडते. खालून टेप लावून भोक बंद करा आणि वरून घट्ट केलेलं इपॉक्सी काठोकाठ भरा. ते कडक झालं की त्यातून बोल्टच्या मापाचं नवं भोक पाडा. आता बोल्टला लाकूड लागतच नाही, त्यामुळे उद्या लेप मेला तरी पाणी बाल्सात जायचं नाही. भोकाच्या तोंडाला किंचित उतार द्या, त्या खाचेत ब्युटाइल टेपचं, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टीचं, कडं बसतं. बोल्ट एका दमात आवळू नका. रोज थोडा आवळा, टेप सावकाश दबते.

पाय दबणारी जागा दोन हात लांब असेल तर मात्र वरचा पापुद्रा कापून काढून नवं लाकूड बसवावं लागेल, आणि ते काम करणाऱ्या माणसावर सोडा. दोन्हीपैकी कोणतंही काम डिसेंबर ते फेब्रुवारीतच करा. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो पाण्याने धुवून काढल्याशिवाय त्यावर दिलेला पुढचा थर धरत नाही.

प्रश्न: काका, बाबांच्या बोटीत लेडच्या बॅटऱ्या आहेत. त्या काढून तिथेच लिथियम बसवली तर चालेल का? दुकानदार म्हणतो, नुसत्या तारा बदलायच्या. (एक विद्यार्थिनी, सातारा)

नुसत्या तारा बदलून चालणार नाही, बाळ. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी चांगलीच, वजनाला हलकी आणि लेडच्या मानाने खूप खोलवर वापरता येते. पण तिचा अंतर्गत रोध इतका कमी की इंजिनच्या अल्टरनेटरमधून (इंजिनवर फिरून वीज देणारं यंत्र) ती जेवढा करंट मिळेल तेवढा ओढत राहते. अल्टरनेटर पूर्ण ताकदीने तास न् तास चालण्यासाठी बनवलेला नसतो, तो तापून जळतो. दुसरी भानगड उलटी आहे. बीएमएसने, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या आतल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटने, बॅटरी वाचवण्यासाठी अचानक संबंध तोडला, तर अल्टरनेटरचा व्होल्टेज एकदम उसळतो आणि डायोड उडतात.

म्हणून अल्टरनेटर इंजिन स्टार्ट करणाऱ्या लेडच्या बॅटरीलाच जोडलेला राहू दे, आणि तिथून डीसी-टू-डीसी चार्जरमार्फत, म्हणजे ठरावीक मापातच करंट सोडणाऱ्या चार्जरमार्फत, लिथियमला दे. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ बसवता येईल तितका बसव. आणि त्याआधी एका जुन्या वायरचं टोक सोलून बघ. आतलं तांबं काळं पडलेलं असेल तर बाबांचे पैसे आधी कलई केलेल्या मरीन वायरवर जाऊ देत.

प्रश्न: भावाच्या बोटीत पंख्याच्या शाफ्टपाशी पाणी टिपकतं. आमच्या नदीवरच्या पंपाची काळी ग्लँड दोरी शिल्लक आहे. ती भरली तर? (एक शेतकरी, पलूस)

किर्लोस्करवाडीत १९१० पासून कारखाना, त्याच्या शेजारी राहणाऱ्याला ग्लँड मी काय शिकवणार! बोटीची ग्लँड, म्हणजे शाफ्ट बाहेर जातो तिथे दोरी भरून पाणी अडवणारा सांधा, तोही तसाच. शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब पडलेच पाहिजेत, त्यानेच ती गार राहते. आवळून कोरडी केली तर शाफ्टवर चर पडतो. चालू असताना ग्लँडच्या बाहेरच्या अंगाला हात लावा, कोमट चालेल, चटका बसता कामा नये.

पण काळी दोरी नको. ती ग्रॅफाइटची असते. गोड्या पाण्यात काही बिघडत नाही, खाऱ्या पाण्यात ग्रॅफाइट आणि शाफ्टचा धातू मिळून बॅटरी तयार होते आणि त्यात शाफ्ट खाल्ला जातो. बोटीला मेण-चरबी लावलेली फ्लॅक्सची (जवसाच्या धाग्याची) किंवा पीटीएफईची (टेफ्लॉनची) दोरी घ्या. स्प्रिंगसारखी गुंडाळू नका, तिरके काप देऊन वेगवेगळी कडी करा आणि सांधे एकाखाली एक येऊ देऊ नका. बोट पावसाळ्यात गोदीत वर घेतली की हे काम उरका, पाण्यात असताना ग्लँड उघडली तर समुद्र आत येतो. काळी दोरी तुमच्या पंपालाच ठेवा.