नेहमीचे पक्षीही मोज

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पीएच.डी.ला माळढोक घ्यायचा होता आणि मार्गदर्शकांनी चाळीस किलोमीटरचा डांबरी रस्ता गळ्यात घातला. त्यावरच्या साळुंक्या, होले, घारी, कोतवाल मोजायचे, म्हणून तू हिरमुसली आहेस. मला मात्र पत्र वाचून फार बरं वाटलं. का, ते सांगतो.

ऐंशीच्या दशकातल्या माझ्या वह्या अजून कपाटात आहेत. तेव्हा गावाबाहेर मेलेली ढोरं टाकायची जागा असायची. तिथे गिधाडांची नुसती झुंबड. माना खुपसून, एकमेकांना पंखांनी ढकलत ती बैल तासाभरात साफ करायची. त्या वाटेने मी दर आठवड्याला जायचो. एखादा ससाणा दिसला तर त्याच्यावर अर्धं पान लिहायचो. गिधाडांपुढे मात्र पानोपानी एकच नोंद आहे: ‘नेहमीप्रमाणे’. वीस होती की दोनशे, हे आज मला सांगता येत नाही. ती जागा कधीच ओस पडली, आणि किती गेली ते सांगायला माझ्याकडे आकडा नाही. मला हे अजून सलतं.

राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात विभू प्रकाश शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. 1987-88 मध्ये तिथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची 353 घरटी मोजली गेली. तेव्हा हा पक्षी इतका मुबलक होता की तो संपेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. 1996-97 मध्ये त्याच रानात पुन्हा मोजणी झाली, तर 150. पुढे काही वर्षांत घरटी उरलीच नाहीत. उत्तर आणि मध्य भारतातल्या रस्त्यांवर 1991 ते 1993 या काळात गाडीतून अशीच मोजणी झाली होती, अगदी तुझ्या वाट्याला आली आहे तशी. 2000 पासून त्याच रस्त्यांवर पुन्हा गाड्या फिरल्या. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांचा 2007 चा आकडा 1992 शी ताडला तेव्हा 99.9 टक्के घट निघाली. म्हणजे हजारातलं एक उरलं. जुने आकडे नसते तर ‘पूर्वी खूप असायची हो’ एवढंच म्हणत बसलो असतो.

आधी सगळ्यांना वाटलं, कसला तरी रोग आहे. गिधाडं माना टाकून फांदीवर बसायची आणि खाली पडायची. मेलेली उघडली की हृदय, यकृत, मूत्रपिंड यांवर खडूसारखा पांढरा थर दिसायचा. तो युरिक अ‍ॅसिडचा. 2004 मध्ये पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या गिधाडांवरून कारण पक्कं केलं: डायक्लोफेनॅक, गुरांच्या दुखण्यावर टोचलं जाणारं साधं औषध. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं बंद पडत. पुढे गणित मांडलं तर एवढी पडझड व्हायला शंभरातलं एखादं मढंसुद्धा विषारी असण्याची गरज नव्हती. एका मढ्यावर किती तुटून पडतात ते तू ऐकलं असशीलच, आणि जोडी वर्षाला अंडं घालते एकच.

2006 मध्ये भारतात गुरांसाठी हे औषध बंद झालं. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोचतच राहिल्या. शेवटी 2015 मध्ये ती कुपी 3 मिलीचीच करावी लागली, म्हणजे एका गुराला ती पुरू नये. म्हणून सांगतो, पक्ष्यांवर काम करायचं तर औषधांच्या दुकानाची पायरीही चढावी लागते. गुराख्याशी, गुरांच्या डॉक्टरांशी ओळख ठेव. जनावर कशाने मेलं, काय टोचलं होतं, हे त्यांना ठाऊक असतं.

आता तुझ्या रस्त्याचं. वेळ तीच, वेग तोच, थांबे तेच, दर खेपेला. मधेच एखादा नीलपंख दिसला म्हणून पंधरा मिनिटं रेंगाळलीस तर त्या दिवसाची बाकीच्या दिवसांशी तुलना होत नाही. (नीलपंखाकडे लक्ष मात्र ठेव. देशभरातल्या पक्षी-नोंदींवरून निघणाऱ्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’च्या 2023 च्या अहवालात घटत चाललेल्या पक्ष्यांत तो आहे, आणि आपण त्याला अजून नेहमीचाच समजतो.) आकडा तिथल्या तिथे लिही, घरी येऊन आठवून नको. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी लिही, खोडरबर वापरू नकोस. ‘भरपूर’, ‘बरेच’, ‘थवा’ असले शब्द वहीत नकोत. पस्तीस ते चाळीस वाटले तर तसं लिही. आणि काहीच दिसलं नाही तर शून्य लिही. कोरी जागा सोडलीस तर वीस वर्षांनी वही उघडणाऱ्याला कळणार नाही, पक्षी नव्हते की तू गेली नव्हतीस.

माळढोकाचं मन मारू नकोस. पण जो पक्षी आज बोटांवर मोजण्याइतका उरलाय, तोही एके काळी कुणाच्या तरी वहीत ‘नेहमीप्रमाणे’ असणार.

पहिल्या महिन्याची पानं मला पाठव. नीट उतरवून काढू नकोस, घामाची, चहाच्या डागांची असतील तशीच पाठव. ज्या सकाळी काही दिसलं नाही, त्या सकाळचीही.

तुझा,
काका