कारवीचा मध दरवर्षी कसा मिळतो?

प्रश्न : महाबळेश्वरहून येताना ‘कारवी मध’ लिहिलेली बाटली घेतली. विक्रेत्याने पाण्यात थेंब टाकून दाखवला, तो सरळ तळाशी गेला. आता थंडीत मधाने रवा धरलाय. शिवाय कारवीचं झुडूप आठ वर्षांनी एकदाच फुलतं म्हणतात. मग हा मध खरा की साखरेचा पाक?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, रव्यावरून संशय घेऊ नका. थंडीत मधातलं ग्लुकोज दाणे धरतं, चांगल्या मधातही. हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात बाटली उभी ठेवा. गॅसवर मुळीच नको. थेंबाच्या परीक्षेला मात्र मी काडीची किंमत देत नाही. दाट पाकही तसाच तळाशी जातो.

तुमची आठ वर्षांची शंका रास्त आहे. कारवी सात वर्षं नुसती वाढते, आठव्या वर्षी पाऊस सरता सरता डोंगर जांभळा करते आणि बी धरून वाळून जाते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ला फुलली, मग २०२४ला. पण सगळ्या सह्याद्रीचं साल एकच नसतं. त्यामुळे एखाद्या आडसाली कारवीचा मध दिसला तर तो खोटाच असं नाही. एकाच गावचा, दरवर्षी, हवा तेवढा मिळत असेल तर मात्र माझा विश्वास बसत नाही.

बहराच्या साली मी सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या पेट्या कारवीच्या कडेला नेतो. धुकं विरलं की माश्या निघतात. माशी फुलाच्या नळीत अर्धीअधिक शिरते, बाहेर फक्त शेपटाकडचा भाग हलताना दिसतो. आमच्याकडे पावसाळाभर माश्यांना साखरेचा पाक द्यावाच लागतो, नाहीतर वसाहत उपाशी मरते. म्हणून बहर लागायच्या आधी पाक बंद करायचा, हे मी कटाक्षाने पाळतो. नाहीतर तोच पाक मध म्हणून बाटलीत येईल. पोळ्याच्या घरांवर मेणाची टोपणं चढेपर्यंतही थांबावं लागतं. घाईने काढलेला मध पातळ राहतो आणि आंबतो. नीट पिकलेला कारवीचा मध गडद आणि चांगला दाट असतो.

भेसळीचा पक्का निकाल प्रयोगशाळेतच लागतो. पण पुढच्या वेळी विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारा : कुठल्या डोंगराचा, आणि कुठल्या महिन्यात काढला? ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणाला तर पुढे बोला. एप्रिल-मे म्हणाला तर तो जांभूळ, हिरडा, गेळ्याचा मध. तोही घरी न्यावा असाच असतो, फक्त त्याला कारवीचं नाव द्यायचं नाही.